चार्टर शाळेसाठी पालक गोळा करायचेत म्हणतोस तर...

प्रिय मन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकला कारण मागे वहिनींचा मिक्सर चालू होता. तर न्यू जर्सीतल्या तुमच्या चार्टर शाळेला (म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या फुकट शाळेला) वर्ग वाढवायचेत, डिस्ट्रिक्टवाले, म्हणजे गावच्या नेहमीच्या सरकारी शाळा चालवणारे, खवळलेत आणि पालकांना एकत्र आणायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये हे सगळं होऊन गेलंय, फोनवर अर्धवट राहतं म्हणून लिहूनच पाठवतो.

आधी व्हॉट्सॲप ग्रुपवरचा भरवसा सोड. तिथे सगळे अंगठे दाखवतात, 'ग्रेट वर्क दादा' म्हणतात आणि हिअरिंगच्या, म्हणजे जाहीर सुनावणीच्या, संध्याकाळी कुणाच्या पोराचा कुमॉनचा क्लास असतो तर कुणाचा क्लायंट कॉल. एकेकाला फोनच करावा लागतो, आणि नुसतं 'ये रे' म्हणून भागत नाही, 'तू तीन मिनिटं बोलायचंयस, सायन्स लॅबबद्दल' असं काम गळ्यात घातलं की माणूस झक मारत येतो. गणपतीत मंडळाला विचारून टेबल टाक, मंडळ नॉन-प्रॉफिट असलं तरी शाळेबद्दल बोलायला अडचण नसते, उमेदवाराचा प्रचार तेवढा करायचा नाही.

मग आपल्या लोकांचं ते ठरलेलं, 'आम्ही एचवनबीवर, आम्हाला कुठे मत आहे, उगाच सरकारच्या भानगडीत कशाला'. अरे मत नाही म्हणून तोंड पण नाही का! हिअरिंगला बोलायला किंवा असेंब्लीमनला, म्हणजे तुमच्या स्टेटच्या आमदाराला, ईमेल टाकायला सिटिझन असावं लागत नाही. त्यातून तुमच्याकडे निर्णय ट्रेंटनला, म्हणजे राजधानीत, स्टेटचा एज्युकेशन कमिशनर घेतो, गावात मतदान होत नाही, त्यामुळे तुमचं बरंय.

आमच्याकडे मतावर गेलं आणि आपटलं. २०१६ चं स्टेटभरचं सार्वमत, क्वेश्चन टू, आठवतंय ना, वर्षाला १२ पर्यंत नवीन चार्टर शाळा किंवा वाढीव जागांना मंजुरी द्यायची असा प्रस्ताव होता, गव्हर्नर चार्ली बेकर स्वतः बाजूने, दोन्हीकडून मिळून ४ कोटी डॉलर्सच्या वर खर्च, आणि निकाल काय तर साधारण ६२ टक्के लोक नाही म्हणाले. बरं बॉस्टनच्या चार्टर शाळा वाईट होत्या असंही नाही, उलट एमआयटीच्या इकॉनॉमिस्ट लोकांनी प्रवेशाची लॉटरी लागलेली आणि न लागलेली मुलं ताडून पाहिली होती आणि लागलेल्यांची गणितातली प्रगती डोळ्यात भरण्याइतकी होती. पण मुळात मत द्यायला बॉस्टनबाहेरची माणसं जास्त, त्यांची मुलं गावच्या शाळेत, आणि त्यांना भीती एकच की आपल्या शाळेचा पैसा जाणार. २०० च्या वर स्कूल कमिट्यांनी, म्हणजे गावोगावच्या शाळा मंडळांनी, विरोधाचे ठराव केले. त्या लोकांच्या घरी जाऊन हिशोब समजावायचा सोडून इकडून टीव्हीवर जाहिरातींचा मारा. वर चार्टरच्या बाजूने प्रचार करणारी संस्था फॅमिलीज फॉर एक्सलंट स्कूल्स, म्हणजे नाव फॅमिलीजचं, त्यांनी मोठे देणगीदार लपवले म्हणून २०१७ मध्ये ४ लाख २६ हजार डॉलर्सचा दंड भरावा लागला आणि पुढच्या वर्षी संस्थाच बंद. मला राग येतो तो त्या खऱ्या आयांसाठी, ज्या थंडीवाऱ्यात दारोदार फिरल्या आणि त्यांच्यावरही 'पैसे देऊन आणलेले पालक' असा शिक्का बसला.

तू म्हणशील न्यूयॉर्कला जमलं की. जमलं, मार्च २०१४ मध्ये सक्सेस अकॅडमी या चार्टर शाळांच्या साखळीने शाळा बंद ठेवून पालक आणि मुलं बसमध्ये घालून राजधानी आल्बनीला नेली, गव्हर्नर कुओमो स्टेजवर आला आणि त्या वर्षीच्या बजेटमध्ये न्यूयॉर्क शहरातल्या नव्या आणि वाढणाऱ्या चार्टर शाळांना जागा किंवा भाडं द्यायची तरतूदही झाली. पण तेवढी ताकद तुझ्याकडे नाही, आणि शाळा बुडवून मुलांना मोर्चाला न्यायचं हे मला तरी पटत नाही.

तुझं खरं काम समोरच्या बाजूशी आहे. आमची हिअरिंग मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात झाली, ती बाकं जोडलेली लांब टेबलं, माईक मधूनच कुई करणारा. डिस्ट्रिक्टच्या एक जुन्या टीचर उठल्या, आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, माझ्या वर्गातून दोन मुलं गेली, त्यांचे पैसेही गेले, पण बस तीच धावते, हीटिंगचं बिल तेवढंच येतं, मला अर्ध्या पगारावर तर ठेवता येत नाही ना. सगळे गप्प. आणि मुद्दा खराच आहे रे! आमच्याकडे २०१९ च्या कायद्याने चार्टरमुळे डिस्ट्रिक्टच्या वाढलेल्या खर्चाची भरपाई स्टेटने तीन वर्षं द्यायचीय, पहिल्या वर्षी १०० टक्के, मग ६०, मग ४०. तुमच्याकडे तर मुलामागचे साधारण ९० टक्के पैसे डिस्ट्रिक्टने चार्टरकडे द्यायचे असतात, म्हणजे तुमच्या डिस्ट्रिक्टची बोंब काही खोटी नाही. तेव्हा 'आमच्या शाळेला जागा द्या' एवढंच न मागता 'डिस्ट्रिक्टला भरपाई द्या' हेही तुम्हीच मागा, ट्रेंटनला तसं पत्र लिहा आणि त्यावर डिस्ट्रिक्टच्या पालकांच्या सह्या मिळतात का बघ. नाही मिळाल्या तरी शिव्या कमी पडतील.

आणि नुसते आपलेच चेहरे नेऊ नकोस. सगळे देसी दिसले की लोक म्हणतात हा इंडियन लोकांचा फुकटचा कोचिंग क्लास, लॉटरीने प्रवेश होतो हे कितीही ओरडून सांग. आमच्याकडे सगळ्यात भारी कोण बोललं असेल तर एक ब्राझिलियन बाप, पेंटचे डाग पडलेल्या पँटीतच कामावरून आलेला, पोर्तुगीजमध्ये बोलला आणि त्याचीच आठवीतली पोरगी शेजारी उभी राहून इंग्लिशमध्ये सांगत होती, मध्येच त्याने तिचं कौतुक केलं ते सांगायला ती लाजली तर आख्खा हॉल हसला. त्यानंतर वेटलिस्टचे आकडे घेऊन आमचा एक डेटा सायंटिस्ट उठला, कुणी ऐकलं नाही बिचाऱ्याचं.

तारीख लागली की कळव, मी गाडी काढून येतो. बोलणार मात्र नाही, बाहेरच्या स्टेटचा माणूस उभा राहिला की पहिला प्रश्न येणार तुला कुणी पाठवलं. त्यापेक्षा शेजारच्या खोलीत पोरं सांभाळत बसतो, ती सोय असली की आया येतात, हे आधीच फ्लायरवर मोठ्या अक्षरात छाप. पिझ्झा तुझ्याकडून.

तुझा,
बंड्या