महासंगणकावरचा डेटा लॅपटॉपवर ओढू नका

महोदय,

दोनापावलला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोत ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे आणि राष्ट्रीय महासंगणन अभियानात गोव्याच्या आयआयटीला प्रशिक्षण केंद्रही मिळाले आहे. गोव्यात समुद्राचे गणित मांडणाऱ्यांची वानवा नाही. पण गणित महासंगणकावर करायचे आणि त्याचे चित्र मात्र लॅपटॉपवर काढायचे, ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांची सवय मोडायला हवी. त्यासाठी हे पत्र.

हिशेब करून पाहा. अरबी समुद्राच्या प्रतिमानाची, म्हणजे संगणकातल्या गणिती नमुन्याची, जाळी १५०० गुणिले १२०० आणि खोलीचे थर ५० धरले, तर ९ कोटी बिंदू होतात. एका आकड्याला ४ बाइट म्हणजे एका राशीचे ३६० एमबी. तापमान, क्षारता, प्राणवायू आणि प्रवाहाचे दोन घटक मिळून दिवसाला १.८ जीबी, वर्षाला ६५७ जीबी. हे वायफायवरून उतरवायचे आणि मेमरीत मावत नाही म्हणून दर दहावा बिंदू ठेवायचा, तर ज्या लहान भोवऱ्यांसाठी एवढी बारीक जाळी घेतली, तेच गाळले जातात.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. किटवेअर कंपनी आणि लॉस अलामॉस प्रयोगशाळा यांनी २००० साली काम सुरू केलेले पॅराव्ह्यू, किंवा लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचे व्हिजिट. दोन्ही मोठ्या डेटाची चित्रे काढणारी सॉफ्टवेअर आहेत. पॅराव्ह्यूची खिडकी आपल्या संगणकावर उघडते. त्याचा सर्व्हर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा भाग, महासंगणकाच्या अनेक कोअरवर (गणन करणाऱ्या एककांवर) एमपीआयने चालतो. एमपीआय म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या अनेक प्रतींना, म्हणजे प्रक्रियांना, एकमेकींशी बोलू देणारी व्यवस्था. प्रत्येक प्रक्रिया जाळीचा आपला तुकडा वाचते आणि त्याचे चित्र काढते. ही चित्रे खोलीच्या क्रमाने एकमेकांवर बसवली जातात आणि आपल्याकडे फक्त तयार चित्र येते. डेटा जागचा हलत नाही.

अडते ते बहुधा जोडणीत. दोन्हीकडची आवृत्ती एकच हवी, ५.११ ची खिडकी ५.१२ च्या सर्व्हरला जोडली जात नाही. सर्व्हर लॉगिन नोडवर (सगळे जिथून आत शिरतात त्या संगणकावर) न चालवता रांगेत काम टाकून कम्प्युट नोडवर (गणनासाठीच्या संगणकावर) चालवावा आणि सर्व्हर ज्यावर जोडणी घेतो त्या १११११ क्रमांकाच्या पोर्टसाठी एसएसएचचा बोगदा, म्हणजे सुरक्षित जोडमार्ग, काढावा. सर्वांत फसवी चूक एमपीआयची. तयार उतरवलेला पॅराव्ह्यू स्वतःचा एमपीआय घेऊन येतो. तो महासंगणकाच्या वेगळ्या एमपीआयने सुरू केला, तर १६ प्रक्रियांचा एक सर्व्हर होण्याऐवजी १६ सुटे सर्व्हर उभे राहतात आणि सगळे काम एकावरच पडते. जोडणी झाल्यावर प्रक्रियाक्रमांकानुसार रंग देऊन पाहावे. सगळीकडे एकच रंग दिसला, तर समांतर काहीच चाललेले नाही.

किती कोअर घ्यावेत? बिंदूंमधल्या जागेला पेटी म्हणतात. ओळीने मांडलेल्या सुव्यवस्थित जाळीला कोअरमागे २ कोटी पेट्या आणि प्रत्येक पेटीची जागा वेगळी सांगावी लागणाऱ्या विस्कळीत जाळीला १० लाख, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे वरची जाळी ५ कोअरवर भागते; तीच विस्कळीत झाली, तर ९० लागतात. आणि ती विस्कळीत होते आपल्याच हाताने. पावसाळ्याच्या उत्तरार्धात कमी प्राणवायूचे पाणी आपल्या किनाऱ्याकडे उथळ भागात चढते. कांदोळीसमोरच्या निरीक्षण केंद्रामुळे हे चांगले माहीत आहे. ते पाहायला विद्यार्थी 'लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा कमी' अशी अट घालून थ्रेशोल्ड, म्हणजे अटीत बसणाऱ्या पेट्याच ठेवणारी चाळणी, लावतो. पण अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर अशा पाण्याचा जाड थर बारमाही असतो, त्यामुळे अटीत बसणाऱ्या पेट्या कोट्यवधी निघतात. सरळ अक्षांश-रेखांशांच्या जाळीला जागा सांगायला तीन अक्षांवरचे मिळून २७५० आकडे पुरतात. थ्रेशोल्डनंतर मात्र प्रत्येक पेटीचे आठ कोपरे वेगळे लिहावे लागतात, पेटीमागे सुमारे ७३ बाइट. निम्म्या पेट्या जरी उरल्या, तरी सव्वातीन जीबी नुसत्या पत्त्यांतच जातात. जाळी एखाद्या पातळीने छाटणाऱ्या क्लिपचेही तेच. त्याऐवजी आधी पॅराव्ह्यूतल्या एक्स्ट्रॅक्ट सबसेटने गोव्यासमोरचा भाग कापावा, मग २ मिलिग्रॅमवर कंटूर, म्हणजे समान मूल्याचा पृष्ठभाग, काढावा: मेमरी वाचते आणि ते पाणी किती वर आले हे त्या पृष्ठभागावरून थेट दिसते.

तुकड्यांच्या सीमेवर फटी किंवा रेषा दिसल्या, तर तो समुद्राचा गुण समजू नये. शेजारच्या तुकड्याच्या काठाच्या पेट्या, म्हणजे घोस्ट सेल्स, मागवल्या की त्या जातात. जमिनीवरच्या बिंदूंना भरलेला अवाढव्य आकडा रंगपट्टी ताणतो आणि सारा समुद्र एकाच रंगाचा दिसतो. फाइल वाचतानाच तो रिकामा ठरवावा. चलच्चित्र करताना रंगपट्टीच्या मर्यादा कुलूपबंद ठेवाव्यात, नाहीतर प्रत्येक दिवसाचा लाल रंग वेगळ्या तापमानाचा होतो. अशी फिल्म सरळसरळ चुकीची माहिती देते आणि मच्छीमारांपुढे ती मुळीच जाऊ नये.

कोअर वाढवले की वेग वाढेलच असेही नाही. डिस्कवरून वाचन मंद असेल, तर सगळे कोअर ताटकळतात. प्रवाहरेषा काढताना कण एका तुकड्यातून दुसऱ्यात जात राहतो आणि बाकीच्या प्रक्रिया रिकाम्या बसतात.

महासंगणक सांभाळणाऱ्या संस्थांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पॅराव्ह्यू तिथल्याच एमपीआयवर बांधून द्यावा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या नोडसाठी ईजीएलचा (कार्डावर चित्र काढणारा) आणि नसलेल्यांसाठी ओएसमेसाचा (साध्या प्रोसेसरवर चित्र काढणारा). बसून चित्र पाहण्याच्या कामासाठी दोन तासांची वेगळी छोटी रांग ठेवावी, कारण रात्री दोनला लागणारा नंबर अशा कामाला उपयोगाचा नाही. आणि प्रशिक्षणवर्गात एमपीआयचे प्रोग्रॅम लिहायला शिकवतानाच त्यातून निघालेला डेटा जागच्या जागी पाहायचे प्रात्यक्षिक घ्यावे, तेही खऱ्या अरबी समुद्राच्या फाइलवर.

— वैज्ञानिक संगणन शिकवणारे काही अध्यापक, पणजी