साहेब, ही सायकल आहे का गाडी, एकदाचं सांगून टाका

मा. परिवहन मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य
(गृहमंत्री साहेबांनी पण वाचावं, अर्धी गोष्ट त्यांच्या पोलिसांची आहे)

साहेब नमस्कार,

मी लातूरचा सायकलवाला. वीस-बावीस वर्षं झाली दुकानाला, आधी पंक्चर, चेन, ओव्हरऑइलिंग हेच काम होतं आणि आता चार-पाच वर्षांपासून निम्म्याहून जास्त काम इलेक्ट्रिक सायकलींचं येतंय. दुकान ट्यूशन एरियाच्या तोंडाशी, त्यामुळं नांदेड, बीड, परभणी, धाराशिवहून शिकायला आलेली लेकरं दिवसातून चार वेळा माझ्या दारावरून जातात. अकरावी-बारावीची, सोळा-सतरा वर्षांची. लायसन लागत नाही, पेट्रोल लागत नाही, मग बाप लोकं गावाकडं एखादा सोयाबीनचा कट्टा जास्त विकून ही गाडी घेऊन देतात. त्यात बापाची काहीच चूक नाही, रोज रिक्षाचे पैसे कुठून आणायचे.

तर पहिले एक कबूल करतो. लेकरं येतात आणि म्हणतात, "काका, लॉक काढून द्या ना." बऱ्याच मॉडेलला कंट्रोलरमधून एक बारकी वायर बाहेर आलेली असते, ती जोडलेली असली की गाडी पंचवीसच्या वर पळत नाही आणि सोडवली की चाळीसच्या आसपास जाते. दोन मिनिटाचं काम. मी पण सुरुवातीला दहा-बारा जणांचं काढून दिलंय, खोटं कशाला बोलू, दोनशे रुपये मिळतात आणि पोरगं खूश होऊन जातं. आणि मी नाही दिलं तर पुढचा देतो, काही ठिकाणी तर नवी गाडी शोरूममधून निघतानाच लॉक काढलेलं असतं.

मागच्या उन्हाळ्यात त्यातल्याच एका पोरानं संध्याकाळची बॅच सुटल्यावर एका भाजीवाल्या मावशीला उडवलं. मावशी पाटी घेऊन रस्ता ओलांडत होत्या, गाडीचा आवाज नाही, हॉर्न म्हणजे चिमणीसारखा, त्यांना कळायच्या आत अंगावर. मांडीचं हाड मोडलं. पोरगं पण खरचटलं, रडत होतं बिचारं. मी आणि शेजारचा मेसवाला मावशींना घेऊन दवाखान्यात गेलो आणि नंतर तक्रार द्यायला गेलो तर पोलीस ठाण्यात सांगितलं ही सायकल आहे, आमच्यात बसत नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी सांगितलं नंबर नाही म्हणजे आमच्या रेकॉर्डवर गाडीच नाही. मग शेवटी पोराचे वडील गावाहून आले, हात जोडले, वीस हजार दिले. दवाखान्याचं बिल त्याच्या कितीतरी पुढं. मावशींनी वर्षभर गाडा लावला नाही.

तेव्हापासून मी हे नियम वकिलाकडून समजून घेतले आणि मला जे कळलं ते असं. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, आणि एआरएआय सारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी असेल तरच ती मोटार वाहन धरली जात नाही. ना पासिंग, ना विमा, ना लायसन, ना हेल्मेट. पण यातलं एक जरी मोडलं की ती सरळ मोटार वाहन झाली. म्हणजे माझ्या त्या दोन मिनिटाच्या कामानं सायकलीची विनाविमा विनापासिंग मोटरसायकल होते आणि चालवणारं लेकरू सज्ञान नाही, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ मध्ये बापाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद. बापाला याचा पत्ताच नसतो साहेब, त्याला दुकानात सांगितलेलं असतं, "काय नाय मालक, लायसनची भानगडच नाय."

आणि ज्यानं लॉक काढून विकली त्याच्यासाठी कलम १८२अ आहे, दर गाडीमागं एक लाखापर्यंत दंड. आमच्या भागात ते कुणाला लागल्याचं मी अजून ऐकलं नाही. अधूनमधून मोहीम निघते तेव्हा चौकात उभं राहून लेकरांच्या गाड्या अडवतात, फोटो काढतात, संध्याकाळी सोडून देतात. मोटरवर २५० छापलेलं असतं, पण मोटर हातात धरली तरी मला कळतं की ही अडीचशेची नाही. तुमच्या माणसाला चौकात उभं राहून ते कळणार कसं? तपासायचं तर दुकानात येऊन तपासा.

"आमच्यात बसत नाही" हे पण पूर्ण खरं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे 'कोणतंही वाहन' चालवण्याबद्दल आहे, त्याला पासिंग लागत नाही. हे ठाण्यातल्या साहेबांना माहीत नव्हतं की उन्हाचं कुणाला लिहीत बसायचं नव्हतं, देव जाणे. खऱ्या अडीचशे वॅटच्या सायकलनं कुणाला उडवलं तर मात्र मोटार अपघात दाव्याचं कोर्ट पण नाही आणि विमा पण नाही, ते मात्र खरंच तुमच्या हातातलं आहे, तिथं काहीतरी करा.

आणखी एक, वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अंतर चौपट लागतं. या गाड्यांचे ब्रेक पंचवीसच्या हिशोबानं बसवलेले असतात. माझ्याकडं येतात तेव्हा निम्म्यांचे पॅड संपून लोखंडाला लोखंड घासत असतं.

बॅटरीचं तर विचारूच नका. रूमवर पोरं एकाच बोर्डावर कूलर, मोबाईल आणि गाडीची बॅटरी लावून झोपतात, ती पण दाराजवळ, म्हणजे पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद. ४८ व्होल्टच्या लेड बॅटरीचा चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो आणि तेरा सेलच्या लाईनची लिथियम ५४.६ ला फुल होते. पिना सारख्या म्हणून मित्राचा चार्जर लावला आणि आतला बीएमएस, म्हणजे जादा चार्जिंग तोडणारं सर्किट, कुणीतरी बायपास केलेला असला तर काय होईल ते सांगायला नको.

आता मागणी. मला नवा कायदा नको, आहे तोच बीटवर, म्हणजे पोलिसांच्या एकेका भागात, उतरवा. खेड्यात पोलीस पाटील आहेत, त्यांना कुणाच्या घरी कुठली गाडी आली ते दुसऱ्या दिवशी माहीत असतं. २००७ ला आर. आर. आबांनी तंटामुक्त गाव योजना आणली तेव्हा गावातल्याच माणसांनी बसून भांडणं मिटवली होती. शहरात तसं कोण आहे? आमच्या बीट अंमलदाराचं नाव मी पाच माणसांना विचारलं, एकालाच माहीत होतं, आणि त्याची मोटरसायकल चोरीला गेली होती म्हणून. महिन्यातून एकदा अंमलदारानं मेसवाले, रूममालक, क्लासचे मॅनेजर आणि आम्ही मिस्त्री लोकांना तासभर बसवलं तरी बरंच होईल. बॅच एकाच वेळी सुटतात त्या दहा-दहा मिनिटांनी सोडा, हे क्लासवाल्यांना मी सांगून ऐकणार नाहीत, वर्दीवाल्यानं सांगितलं तर ऐकतील.

आणि दर दुकानात एक रजिस्टर सक्तीचं करा. फ्रेम नंबर, मोटर नंबर, मालकाचं नाव, काय काम केलं. नंबरप्लेट नसली म्हणून काय झालं, गाडी चोरीला गेली तर शोधायला आणि लॉक कुणी काढलं ते धरायला हेच रजिस्टर कामी येईल. पकडलेल्या लेकराला पहिल्या वेळी दंड नको, वायर परत जोडून आणायला सांगा आणि बापाला एक फोन. दंड दुकानदाराला, आणि त्यात माझं दुकान आलं तरी चालेल.

मी रजिस्टर पाडव्यापासून सुरू केलंय, दोनशे पानी वही आहे. लॉक जोडून द्यायचे पैसे घेत नाही. आजपर्यंत चौदा गाड्यांचं जोडलं, त्यातले तीन जण आठ दिवसांत दुसरीकडून परत काढून आले, त्यांच्या नावापुढं पण तसं लिहून ठेवलंय. बीटचे साहेब कधीही येऊन वही बघू शकतात, दुकान सकाळी नऊला उघडतं, रविवारी पण.

आपला,
ट्यूशन एरियातला सायकलवाला, लातूर