मधला स्पीकर बिघडलेला असताना दाखवलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या खेळाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या खेळाला मी, माझी पत्नी, मुलगी आणि आत्या असे चौघे फोंड्याहून आपल्या चित्रपटगृहात आलो होतो. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरचा २०१८ सालचा हा सिनेमा आपण त्या एका दिवसापुरता पुन्हा लावला होता. चार तिकिटांचे ११२० रुपये मी आगाऊ भरले होते. मुलगी दोन वर्षांपासून कीबोर्डवर फ्रेडी मर्क्युरीची गाणी बसवते आहे. तिने हा सिनेमा मोबाइलवर पाहिलेला होता. थिएटरात ऐकायचा म्हणून ती महिनाभर दिवस मोजत होती.

सिनेमा सुरू झाल्यावर पाच मिनिटांत मला बिघाड कळला. फोंडा तालुक्यातल्या उत्सवी नाटकांना माइक-स्पीकर लावण्याचे काम मी बावीस वर्षे करतो आहे, त्यामुळे हे अंदाजाने लिहीत नाही. पडद्यामागे डावा, उजवा आणि मधला असे स्पीकर असतात आणि संवाद बहुतेक मधल्यातून येतो. आपल्या मधल्या स्पीकरचा वरचा हॉर्न, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज देणारा भाग बंद होता. नुसता खालचा वूफर, म्हणजे जाड आवाजाचा भाग वाजत होता. माणसे बोलत होती ती गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखी. ‘स’, ‘त’, ‘श’ ही अक्षरे ऐकूच येत नव्हती. खाली इंग्रजी ओळी उमटत होत्या म्हणून गोष्ट तरी समजली. आत्याला त्या वाचता येत नाहीत. ती शेजारी गप्प बसून राहिली.

मध्यंतरात मी बाहेर येऊन आपल्या कर्मचाऱ्याला नेमके काय बंद आहे ते सांगितले. “बघतो” म्हणाला. उत्तरार्धात काडीचाही फरक पडला नाही.

या सिनेमाचा जीव शेवटच्या वीसेक मिनिटांत आहे. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ झाले. आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठीचा तो गाण्यांचा कार्यक्रम होता आणि मैदानात ७२ हजारांच्या आसपास माणसे होती. त्यातला ‘क्वीन’चा भाग सिनेमात जवळजवळ सलग उभा केला आहे. पडद्यावर रामी मलेक दिसतो, पण गळा मुख्यतः खुद्द फ्रेडीचा आहे. त्याच्या मूळ रेकॉर्डिंगला मार्क मार्टेल या कॅनडातल्या गायकाच्या आवाजाची जोड दिली आहे. म्हणजे १९९१ साली गेलेल्या माणसाचा आवाज ऐकायला आम्ही आलो होतो, आणि नेमका तोच आपल्याकडे ऐकू येत नव्हता.

तो गर्दीला “एऽऽओ” अशी हाक देतो आणि अख्खे मैदान ती परत करते, तो प्रसंग आठवा. आपल्या सभागृहात हाक दबलेली, कुठूनतरी दुरून आल्यासारखी. आणि गर्दीचे उत्तर बाजूच्या स्पीकरांतून लख्ख, कान भरून. त्याआधी ‘रेडिओ गा गा’ या गाण्याला मुलीने टाळ्यांसाठी हात वर केले होते. दोनदा वाजवल्या आणि हात खाली घेतले. परतीच्या वाटेवर ती एवढेच म्हणाली, “बाबा, मोबाइलवर बरं होतं.”

वर शेवटचे गाणे संपताच आपण दिवे लावले. झाडूवाले आत आले. फ्रेडीच्या मृत्यूविषयीच्या ओळी पडद्यावर होत्या, त्या फिकट पडून वाचता आल्या नाहीत. पुढच्या खेळाची घाई असेल, पण सिनेमा संपला नव्हता.

मला सगळ्यात जास्त लागले ते बाहेरच्या टेबलावर मिळालेले उत्तर. “जुना पिक्चर आहे, आवाज तसाच असतो.” महोदय, या सिनेमाला २०१९ मध्ये चार ऑस्कर मिळाली. त्यांतली दोन आवाजाची आहेत, एक ध्वनिसंकलनाचे आणि एक ध्वनिमिश्रणाचे. आपला दोष अशा सिनेमाच्या माथी मारणे मला सहन झाले नाही. सिनेमाने काही घटनांचा क्रम मागेपुढे केला आहे, पाचगणीच्या शाळेतली फ्रेडीची वर्षे जवळजवळ गाळली आहेत, याचे मला वाईट वाटते. पियानो तो तिथे शिकला, पहिला बँड तिथे काढला. पण ते करणाऱ्यांनी केले, त्याचा जाब मी आपल्याला विचारणार नाही. स्पीकर मात्र आपला आहे.

आमच्याकडे देवळासमोर नाटक चालू असताना नायकाचा माइक गेला, तर मागच्या रांगेतून “आवाज नाही!” अशी ओरड होते आणि आम्ही पडदा पाडतो. वायर तपासतो, माइक बदलतो, मग प्रवेश पहिल्यापासून घेतो. तिथे तिकीटही नसते. आपण तर माणशी २८० रुपये घेतले आणि बिघाड सांगूनही खेळ तसाच रेटला.

चारही तिकिटांचे पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत. त्या रात्री देऊ केलेले पॉपकॉर्नचे कूपन मी घेतलेले नाही, घेणारही नाही. त्या सभागृहाचा मधला स्पीकर जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून काय दुरुस्त केले ते लेखी कळवावे. तोवर तिथे दुसरा सिनेमा लावू नये. आणि दुरुस्तीनंतर हाच सिनेमा एकदा पुन्हा लावावा. आम्ही तिकीट काढून येऊ.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार नोंदवीन.

आपला,
एक प्रेक्षक
फोंडा, गोवा

सोबत: चार तिकिटांची प्रत