खो-खोला कॅमेरा हवाच

महोदय,

दूरचित्रवाणीच्या हव्यासापायी खो-खोचे मूळ रूप बिघडत असल्याचा सूर लावणारा आपल्या अंकातील लेख वाचला, पण तो पटला नाही. २०२२ साली बालेवाडीत झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये डाव सात मिनिटांचा झाला आणि दोन्ही दिशांना पळू शकणारा ‘वझीर’ हा आक्रमक आला, हे खरे; मात्र खांबाला धरून अंग झोकून देत गडी टिपणाऱ्या आक्रमकाची झेप कॅमेऱ्यामुळेच घराघरांत पोहोचली. उणीव आहे ती सातत्याची आणि महिलांच्या सामन्यांची. प्रो कबड्डी २०१४पासून प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली. इकडे त्या पहिल्या लीगमधले सहाही संघ पुरुषांचेच होते. जानेवारी २०२५मध्ये प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली विश्वचषक जिंकणाऱ्या मुलींचा खेळ एरवीही नियमित दाखवला जावा.

– एक खो-खोप्रेमी, सातारा