मळ्याच्या जागेबद्दल

प्रिय बंड्या,

फोनवर हा विषय काढला की तू "काकांना विचार" म्हणतोस आणि थेट क्रिकेटवर जातोस. म्हणून लिहायला बसलोय. पत्र तुला टाळता येणार नाही आणि काकांनाही वाचून दाखवता येईल.

काकांनी मळ्याच्या जागेसाठी पालिकेला नगररचना कायद्याच्या कलम 127 ची नोटीस दिली, हे मला आमच्या नागरिक संघाच्या बैठकीत कळलं. तुझ्याकडून कळायला हवं होतं, पण असो. विकास आराखड्यात ती जागा क्रीडांगणासाठी आरक्षित, तिचे मालक तुम्ही आणि नागरिक संघाचा सचिव मी. कॉलनीच्या वतीने पालिकेशी पत्रव्यवहार मलाच करावा लागणार. तो तुझ्या पाठीमागे करायचा नाही, म्हणून आधी तुला सांगतोय.

संघ म्हणजे कोणी मोठे आंदोलक आहेत असं समजू नकोस. नोंदणीला सात माणसं लागतात. ती मिळाली, कारण त्या पावसाळ्यात ड्रेनेज तुंबून निम्म्या गल्लीच्या तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. त्या सातांतले आता किती येतात ते विचारू नकोस. हिशेब तपासून घेणं, कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देणं, वर्गणीसाठी दारोदार फिरणं, यातच निम्मं वर्ष जातं. उरलेलं शेजाऱ्यांची समजूत घालण्यात. गतिरोधक सगळ्यांना हवा, पण आपल्या फाटकासमोर नको. दिव्याचा खांब हवा, पण उजेड खिडकीत नको. कोपऱ्यावरच्या गुलमोहराचा पाला एकाच्या अंगणात आणि सावली दुसऱ्याच्या गाडीवर, त्यावरून दोन घरांत बोलणं बंद होतं. शेवटी 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा कामाला आला. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही म्हटल्यावर दोघंही माझ्यावर चिडले आणि एकमेकांशी बोलायला लागले.

विरोध करायचा म्हटलं की देवळाचं सभागृह भरतं. काम मंजूर झाल्यावर ठेकेदार खडीचा थर किती जाडीचा टाकतोय, ते उन्हात उभं राहून बघायला मात्र मी आणि एक निवृत्त ओव्हरसियर, दोघंच. तुमच्या पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात, त्याचं मला खरंच अप्रूप वाटतं. आमच्याकडे मधली काही वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. 2026 च्या जानेवारीत निवडणुका झाल्या, तेव्हा कुठे अर्ज घेऊन जायला एक दार मिळालं.

आता मळ्याचं. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिकेने संपादन केलं नाही, किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. पूर्वी ही मुदत बारा महिन्यांची होती. पालिका काय करतेय ते बघायला मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा स्टँप, दीडशे शब्द, एकच विषय. आलेल्या कागदांत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेली पत्रं आहेत, वर जागा संपादन करण्याचा एक ठराव, आणि पैशाची तरतूद शून्य.

आमच्या सभेत सगळे त्या ठरावावर खूश. "झालं की काम!" मला त्यांना गिरनार ट्रेडर्सचा निकाल वाचून दाखवावा लागला. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नुसता ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं, म्हणजे पावलं उचलली असं होत नाही. काकांच्या वकिलाला हे तोंडपाठ असणार. तेव्हा पालिका अशीच बसून राहिली, तर तुम्ही जिंकाल हे मी आत्ताच लिहून देतो.

त्याच सभेत एकजण म्हणाला, "मालकांना बिल्डरचा पैसा दिसतोय." मी तिथेच उठून बोललो. त्या जागेवर आरक्षण पडलं आणि आबांना ती विकता येईना, बांधता येईना, तारण ठेवून कर्ज मिळेना. ताईच्या लग्नाला आबांनी कुठून पैसे उभे केले हे या गल्लीत मला जेवढं माहीत आहे तेवढं कोणाला नाही. आम्ही पोरं तिथे फुकट खेळलो आणि त्या खेळाची किंमत तुमच्या घराने भरली. कॉलनीला मैदान हवं तर कॉलनीने आणि पालिकेने त्याचे पैसे द्यावेत, मालकाच्या गळ्यात ते दान म्हणून बांधू नये. सभेत शांतता झाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हेही सांगतो.

अडतंय ते पैशांवर. पालिका टीडीआर देऊ करते, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, कारण त्याला तिजोरीतून काही काढावं लागत नाही. पण आपल्यासारख्या गावात टीडीआरला गिऱ्हाईक कुठे आहे? काका रोख मागतात ते बरोबरच आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभावाच्या जवळपास दुप्पट पडतात, म्हणून पालिका हात आखडते. संघाने ठरवलंय की नव्या नगरसेवकांकडे एकच मागणी न्यायची: येत्या अंदाजपत्रकात या जागेच्या रोख मोबदल्याची तरतूद. त्या निवेदनावर काकांची सही असली तर त्याचं वजन वेगळं होईल. मालक आणि रहिवासी एकाच कागदावर सही करून आलेत, हे पालिकेत क्वचितच कोणी पाहिलं असेल.

काका नाही म्हणाले, तरी तरतुदीची मागणी आम्ही करणारच, आणि मुदतीच्या आत संपादन सुरू करा म्हणून पालिकेच्या मागेही लागणार. तेव्हा माझ्या सहीचा कागद तुमच्या वकिलाच्या हातात पडेल. तू रागावशील. रागाव, पण घरी येणं बंद करू नकोस.

आणखी एक. फाइलमधलं जागेचं क्षेत्र आणि मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र जुळत नाही. पालिकेने कमी धरलंय. मोबदला ठरताना तो फरक तुमच्या अंगावर येईल. आबांच्या ट्रंकेत जुना मोजणी नकाशा असेल, तो काकांना शोधायला सांग, आणि मोजणीचा अर्ज पावसाच्या आधी टाका. फाइलमधल्या त्या पानाची नक्कल सोबत जोडली आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पम्या