तुझ्या रविवारच्या मौनाबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

दर रविवारी दुपारपर्यंत मौन पाळायचं ठरवलंयस म्हणालास, आणि वर विचारलंस "आई, हे आपल्यात आहे का, की मी उगाच फॅड करतोय?" फोनवर मला धड सांगता आलं नाही, असल्या गोष्टी मला टाइप करतानाच नीट सुचतात, तेव्हा हे लांबलचक पत्र सहन कर, कॅबमध्ये बसून वाच.

अरे आहे, भरपूर आहे, आणि आपल्या घरातच होतं की. आजीचा चातुर्मास विसरलास? आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, जेवताना मौन. वदनी कवळ म्हणून झालं की तोंड फक्त घासापुरतं उघडायचं. मीठ हवं तर चिमटीची खूण, ताक हवं तर वाटी बोटानं पुढे सरकवायची, भात नको तर पंजा पानावर आडवा. चुकून बोलली तर पान सोडून उठायची आणि मग रात्रीपर्यंत काही नाही. आजोबांना हे पक्कं ठाऊक, त्यामुळे ते नेमका तिच्या माहेरचा विषय काढायचे, ती डोळे वटारून घास चावत बसायची आणि आम्ही हसून हसून बेजार. बरं या व्रताच्या उद्यापनाला दान काय द्यायचं, तर घंटा! चार महिने गप्प बसायचं आणि शेवटी वाजणारी वस्तू द्यायची, ज्यानं कोणी हे ठरवलं तो माणूस मिश्किल असणार. आणि एक सांगू, अख्खा दिवस मौन पाळणं त्या बायकांना परवडणारंच नव्हतं, दूधवाला आला, पोरं रडली, कुकर झाला, सगळ्याला तोंड उघडायलाच लागायचं. म्हणून वीस मिनिटांचं मौन. मला ते कमी वाटत नाही.

आता तुझं. "डोकं शांत व्हावं म्हणून" असं तू म्हणालास, तिथे जरा थांब. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितलेत, शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. मौन कुठे असेल असं वाटतं? मलाही वाणीतच असेल असं वाटायचं. पण नाही. वाणीच्या तपात काय आहे तर दुसऱ्याला खुपणार नाही असं बोलणं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं, आणि स्वाध्याय. म्हणजे वाणीचं तप बोलूनच करायचं, ते तुझ्या सोमवार ते शनिवारच्या मीटिंगांमध्ये. मौन येतं पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात, प्रसन्नता आणि सौम्यपणा यांच्या शेजारी. तेव्हा तोंड बंद ठेवलंस की काम झालं असं समजू नकोस, ती नुसती तयारी. पहिला तासभर तर डोक्यात उलट जास्त गोंगाट होईल, मॅनेजरला द्यायची राहिलेली उत्तरं, मागच्या भांडणातले डायलॉग, सगळं रांगेत उभं राहील. घाबरायचं नाही. तुकोबा भंडारा डोंगरावर एकांतात जाऊन बसायचे, झाडं-वेली आपल्या सोयऱ्या म्हणणारा त्यांचा अभंग आपण सगळेच गुणगुणतो, पण त्याचा शेवट कोणी बघत नाही, तिथे ते म्हणतात की मनाशी संवाद होतो, "आपुलाचि वाद आपणांसी". त्यांचासुद्धा वाद चालायचा, तर तुझं काय घेऊन बसलास.

त्या गोंगाटाला काहीतरी काम द्यावं लागतं, म्हणून आपल्याकडे मौनाच्या जोडीला जप असतो. मनुस्मृतीत तर त्याचा हिशोबच आहे, विधीच्या यज्ञापेक्षा जप दहापट, ओठातल्या ओठात केलेला उपांशु जप शंभरपट आणि नुसता मनातला हजारपट श्रेष्ठ. आजी माळ घेऊन बसते तेव्हा ओठ हलतात पण शेजारी बसूनही ऐकू येत नाही ना, तो उपांशु. ते आकडे मी काही मोजमाप म्हणून घेत नाही, पण चढण कुठल्या दिशेनं आहे ते त्यातून कळतं. तू मनातलाच कर, न जमल्यास ओठ हलले तरी चालतील.

फोन मात्र कपाटात ठेवायचा. "टाइप केलं तर बोललो थोडीच" हे मला अजिबात पटत नाही, आणि मी यात भल्याभल्यांशीही सहमत नाही. विनोबांनी पवनारला 25 डिसेंबर 1974 पासून वर्षभर मौन घेतलं, मध्येच आणीबाणी आली, आणि त्यांच्याकडून आलेला "अनुशासनपर्व", म्हणजे शिस्तीचा काळ, हा एक शब्द सरकारनं आणीबाणीला पाठिंबा म्हणून गावभर मिरवला. नेमकं काय म्हणायचं होतं यावर लोक अजून वाद घालतात. मौनातून निसटलेला शब्द असा दसपट जड होतो बघ. रमण महर्षींची गोष्ट वेगळी. 1896 मध्ये सोळाव्या वर्षी घर सोडून ते तिरुवण्णामलैला आले, आणि पुढे कित्येक वर्षं जवळजवळ बोललेच नाहीत, पण त्यांनी व्रत वगैरे घेतलं नव्हतं, बोलावंसंच वाटत नव्हतं. ते आपल्या तुपल्यासाठी नाही.

आपल्यासारख्यांना गांधीजी बरे, ठरलेला सोमवार, कामाच्या धबडग्यात. 2 जून 1947 ला फाळणीची योजना घेऊन व्हाइसरॉय माउंटबॅटन समोर बसले होते आणि नेमका सोमवार. गांधीजींनी जुन्या लिफाफ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहून उत्तर दिलं. त्यातच लिहिलंय की मौन ठरवताना दोनच सवलती ठेवल्या होत्या, मोठ्या अधिकाऱ्याशी तातडीचं बोलणं आणि आजाऱ्याची सेवा. ही गोष्ट मला फार व्यवहारी वाटते. सवलती आधीच ठरवायच्या, ऐन वेळी नाही, नाहीतर दर रविवारी एक नवी निघते.

तर तूही तुझ्या ठरव आणि फ्लॅटमेटला सांग, कारण बेल वाजली की दार त्यालाच उघडायला लागणार, मौनाचा अर्धा भार घरातल्या दुसऱ्यांवर पडतो हे आम्ही आजीच्या चातुर्मासात चांगलं भोगलंय. मी रविवारी सकाळचा फोन दुपारी दोनला करीन. आजीला तेवढं तूच समजावून सांग, माझ्याकडून ऐकलं तर ती म्हणणार पोराला काहीतरी झालंय.

तुझी,
आई