कोयनेचे पाणी संध्याकाळसाठी राखा

मा. संपादक,

‘कोकणात चार महिने पाऊस, इथे सोलर कशाला?’ असे अजूनही हमखास विचारले जाते. याचे उत्तर कोयनेच्या पोफळी वीजगृहात आहे.

कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट. पण कृष्णा पाणी तंटा लवादाच्या मर्यादेमुळे पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी वळवता येते. धरण काठोकाठ भरले तरी हा कोटा वाढत नाही. एक टीएमसी पाणी पोफळी आणि कोळकेवाडीचे टप्पे उतरून वाशिष्ठीत येईपर्यंत ढोबळमानाने ४ कोटी युनिट देते. कोयनेचा संच काही मिनिटांत पूर्ण भार घेतो. जयगडचा ३०० मेगावॉटचा कोळशावरचा संच थंड असेल, तर त्याला कित्येक तास लागतात. दाभोळचा वायुप्रकल्प लवकर भार घेऊ शकतो, पण आयात वायूवरची वीज महाग पडते. म्हणून संध्याकाळी मागणी चढते तेव्हा कोयनाच हवी. तिचे पाणी एप्रिलच्या भर दुपारी खर्च होणे ही उधळपट्टी आहे. दुपारची गरज सोलरने भागवली, तर ते संध्याकाळसाठी उरते.

छतावरचा ३ किलोवॉटचा सोलर संच वर्षाला साधारण ४,००० युनिट देतो. म्हणजे अशी दहा हजार घरे झाली की एक टीएमसी पाण्याइतकी वीज झाली! जुलैत हे उत्पादन निम्म्यावर येते, हे खरे. पण नेमक्या त्याच महिन्यांत वर सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांना सर्वाधिक वारा मिळतो.

अडचण उन्हाची नाही, बसवण्याची आहे. पॅनेलचा लोखंडी सांगाडा जागेवर कापून भोके पाडली की तिथला जस्ताचा थर निघतो आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. कापणे, भोके पाडणे आधी आणि जस्तात बुडवणे नंतर, हाच क्रम हवा. नटबोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. एका पॅनेलवर माडाच्या झावळीची सावली पडली तरी त्याला जोडलेल्या सगळ्या साखळीतली वीज घटते. कौलारू घरात सांगाडा नुसत्या रिपांना अडकवू नये. वादळात वारा पॅनेलखाली शिरून ती उचलतो. २०२० च्या ‘निसर्ग’ने रायगड किनाऱ्यावर छपरांचे काय केले, ते सर्वांनी पाहिले आहे.

आणखी एक. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे वीजवाहिनीला जोडलेला, इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःच बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. वादळानंतरही घरात दिवा हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. ते देताना किनारी तालुक्यांत जस्ताचा थर आणि नटबोल्ट तपासण्याची अट घालावी, ही विनंती.

— एक वीज अभियंता, चिपळूण